बिनतारी कळफलक व माऊस संच

बिनतारी कळफलक व माऊस संच म्हणजे संगणकाला तारेने न जोडता रेडिओ लहरींच्या साहाय्याने चालणारी आणि एकाच खोक्यातून विकली जाणारी कळफलक व माऊस यांची जोडी होय. घरातील संगणकासाठी, तसेच लॅपटॉपला बाहेरून जोडण्यासाठी तिचा उपयोग होतो. संचातील दोन्ही उपकरणे सहसा एका छोट्या यूएसबी रिसीव्हरमार्फत, तर काही संचांत ब्लूटूथद्वारे संगणकाशी संपर्क साधतात. भारतात मिळणाऱ्या बहुतेक संचांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असतात आणि कळांचे आकार इंग्रजी टंकलेखन डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेले असतात. त्यामुळे ज्या घरात मराठीत लिहिले जाते तेथे संच निवडताना किंमत आणि रूप यांखेरीज काही वेगळ्या बाबी पाहाव्या लागतात. प्रस्तुत लेखात या उपकरणांचा सर्वसाधारण परिचय, मराठी लेखनाच्या दृष्टीने त्यांची निवड आणि सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांतील हवामानात त्यांची घ्यावयाची निगा यांची माहिती दिली आहे.

संज्ञा

‘कळफलक’ हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. ‘बिनतारी’ हे विशेषण त्याहून जुने असून पोलिसांच्या बिनतारी संदेश यंत्रणेमुळे ते मागच्या पिढीच्याही परिचयाचे होते. ‘माऊस’साठी ‘मूषक’ हा प्रतिशब्द सुचविला गेला, पण तो लोकांच्या तोंडी बसला नाही, आणि बसला नाही हे बरेच झाले. दुकानात या जोडीला ‘कॉम्बो’ म्हणतात, रिसीव्हरला ‘डोंगल’, तर डबल-ए आकाराच्या विद्युत्‌घटाला ‘पेन्सिल सेल’. खरेदीच्या वेळी हीच नावे उपयोगी पडतात.

इतिहास

संगणकाच्या कळफलकाचे मूळ टंकलेखनयंत्रात आहे. अमेरिकेतील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस आणले. त्यातूनच वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून ‘क्वर्टी’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी रूढ झाली. भारतात गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये देशी बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले. या कंपनीच्या यंत्रांचे अखेरच्या काळातील उत्पादन सातारा जिल्ह्यातील शिरवळ (ता. खंडाळा) येथे होत असे. संगणकाच्या प्रसाराने मागणी आटल्यावर २००९ च्या सुमारास ते थांबले. त्याच शिरवळला आता कंपनीचा शीतकपाटांचा कारखाना आहे.

मराठी टंकलेखनयंत्राची अडचण इंग्रजी यंत्रापेक्षा वेगळी होती. कळा मोजक्या आणि अक्षरे, मात्रा व जोडाक्षरे पुष्कळ, म्हणून अनेक अक्षरांचे अर्धे रूप एका कळेवर आणि काना दुसऱ्या कळेवर ठेवून दोहोंतून पूर्ण अक्षर साधले जाई. या मांडणीवर बोटे घडलेली पिढी आजही सरकारी कचेऱ्यांत, न्यायालयांच्या आवारात आणि टंकलेखन संस्थांत आढळते. संगणकावरील ‘रेमिंग्टन मराठी’ मांडणी तिच्याचसाठी टिकून आहे.

माऊसचा जन्म अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास तयार झालेल्या पहिल्या नमुन्याचे कवच लाकडी होते आणि खाली एकमेकांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

तार काढून टाकण्याचे पहिले प्रयत्न अवरक्त किरणांच्या मदतीने झाले. आयबीएम कंपनीच्या १९८४ मध्ये विक्रीस आलेल्या ‘पीसी ज्युनियर’ या घरगुती संगणकाचा कळफलक चार पेन्सिल सेलांवर चालत असे आणि दूरचित्रवाणीच्या रिमोटप्रमाणे त्याचे तोंड संगणकाकडे असावे लागे. मध्ये कोणी उभे राहिले की लेखन थांबत असे. रेडिओ लहरींवर चालणारा माऊस लॉजिटेक कंपनीने १९९१ मध्ये आणला. पुढे बराच काळ २७ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचे संच प्रचारात होते. त्यांचा पल्ला जेमतेम मेजापुरता असे. आजचे जवळजवळ सर्व संच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात.

कार्यपद्धती

कळ दाबली की कळफलकातील छोटा प्रक्रियक त्या कळेचा क्रमांक रेडिओ लहरींवरून पाठवितो, रिसीव्हर तो उचलून यूएसबीमार्गे संगणकाच्या हवाली करतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. कळफलक अक्षर पाठवीत नाही, कळेचा क्रमांक पाठवितो. इंग्रजी ‘जे’ छापलेल्या कळेचा यूएसबी मानकातील क्रमांक १३ आहे. संगणकावर इंग्रजी मांडणी निवडलेली असेल तर या क्रमांकाचे ‘जे’ होते, मराठी इनस्क्रिप्ट मांडणी असेल तर ‘र’ होतो. म्हणजे मराठी ही कळफलकात नसून संगणकाच्या कार्यप्रणालीत असते. कोणताही कळफलक मराठी लिहू शकतो, आणि ‘मराठी चालते’ असे सांगून कोणी अधिक किंमत मागत असेल तर ती केवळ छपाईची किंमत असते.

रिसीव्हरवर चालणारे संच खोक्यातून काढताच सुरू होतात, कारण रिसीव्हर आणि त्याची दोन उपकरणे कारखान्यातच एकमेकांशी जोडलेली असतात. संगणक या रिसीव्हरला साधा यूएसबी कळफलक समजतो. म्हणून कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच्या, संगणकाच्या मूळ मांडणीच्या निळ्या-काळ्या पडद्यावरही असा कळफलक काम करतो. ब्लूटूथ कळफलक तेथे बहुधा मुका राहतो. शिवाय अनेक जुन्या डेस्कटॉप संगणकांत ब्लूटूथची सोय नसते. याउलट ब्लूटूथला यूएसबीची जागा लागत नाही आणि एकच कळफलक आलटून पालटून लॅपटॉप, टॅबलेट व फोनला जोडता येतो. घरात एकच डेस्कटॉप असेल तर रिसीव्हरचा संच सोयीचा, आणि दोन-तीन उपकरणे असतील तर ब्लूटूथचा किंवा दोन्ही सोयी असलेला.

रिसीव्हर नखाएवढा असतो आणि तो हरवणे हा या संचांचा नेहमीचा अंत आहे. स्वस्त संचांत तो बदलून मिळत नाही. तो गेला की धडधाकट कळफलक आणि माऊस दोन्ही निरुपयोगी होतात. काही उत्पादकांचे रिसीव्हर मात्र एकाहून अधिक उपकरणे स्वीकारतात व सुटेही मिळतात. माऊसच्या पोटात रिसीव्हर ठेवण्याची खाच असते, तिचा उपयोग प्रवासात करावा.

मराठी लेखन आणि कळांची मांडणी

संगणकावर मराठी लिहिण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत आणि संचाची निवड त्यांपैकी घरात कोणती वापरली जाते यावर अवलंबून असते.

पहिली, रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची, म्हणजे लिप्यंतराची. विंडोज १० च्या २०१९ मधील अद्ययावत आवृत्तीपासून मराठी ध्वन्यात्मक मांडणी प्रणालीतच उपलब्ध झाली. ही पद्धत वापरणाऱ्यास कळफलकावर रोमन अक्षरे असली की पुरते आणि कोणताही आटोपशीर संच चालतो. दुसरी रेमिंग्टन मांडणी, जिचा उल्लेख वर आला आहे.

तिसरी इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती निश्चित केली आणि १९८८ मध्ये सुधारली. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. पुढे २०१६ मध्ये आयएस १६३५० या मानकाने तिची विस्तारित आवृत्ती दिली. तिचे सूत्र वर्णमालेचेच आहे. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने. साधी कळ दाबल्यास मात्रा, शिफ्टसह दाबल्यास तोच स्वर स्वतंत्र रूपात. साधी कळ दाबल्यास ‘क’, शिफ्टसह ‘ख’. ज्याने शाळेत बाराखडी घोकली आहे त्याला ती पंधरवड्यात हाताला बसते. मराठीचे वेगळेपणही तिने सांभाळले आहे. ‘ळ’ हा शिफ्टसह ‘ल’च्या कळेवर असतो. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील रफाराहून वेगळा अर्धा र शिफ्टसह ‘र’च्या कळेवरील ‘ऱ’ला हलन्त चिन्ह जोडून मिळतो.

इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्यासाठी संचाच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची बाब कळफलकाची उजवी कड ही होय. इंग्रजीत त्या बाजूच्या कळांवर अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरक्या रेघा अशी क्वचित लागणारी चिन्हे असतात. म्हणून आटोपशीर कळफलक बनविताना उत्पादक नेमक्या याच कळा अरुंद करतात, त्यांची जागा बदलतात किंवा दुसऱ्या कळेशी जोडून टाकतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र याच कळांवर रोजची अक्षरे आहेत. अर्धविरामाच्या कळेवर ‘च’ व ‘छ’, अवतरणचिन्हावर ‘ट’ व ‘ठ’, डाव्या चौकटी कंसावर ‘ड’ व ‘ढ’, उलट तिरक्या रेघेवर ‘ॉ’ व ‘ऑ’ आणि उजव्या शिफ्टला लागून असलेल्या तिरक्या रेघेवर ‘य’.

‘डॉक्टर’ हा शब्द घेतला तर त्यासाठी सहा कळा दाबाव्या लागतात, आणि त्यांतल्या ‘ड’, ‘ॉ’ व ‘ट’ या तीन उजव्या कडेच्या असतात. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाला अकरा ठोके लागतात, शिफ्टची एकदाही गरज पडत नाही, पण शेवटचा ‘य’ कडेवरच असतो. बाणांच्या कळा उजव्या शिफ्टखाली कोंबलेल्या अनेक लहान कळफलकांत हीच कळ निम्म्या रुंदीची केलेली असते. अशा कळफलकावर ‘य’ लिहिताना बोट शिफ्टवर किंवा वरच्या बाणावर पडते आणि लिहिणारा भलत्याच ओळीत जाऊन पोहोचतो. मराठीत ‘य’ किती वेळा येतो हे एखादा परिच्छेद वाचून पाहिल्यास समजते. मोठ्या, दोन ओळी उंच एंटर कळेच्या कळफलकात उलट तिरक्या रेघेची कळ कुठे हलविली आहे तेही पाहावे, कारण ‘ऑफिस’पासून ‘कॉलेज’पर्यंतचे सारे शब्द तिच्यावर अवलंबून असतात.

दुसरी बाब ठोका गळण्याची. कमकुवत सेल किंवा अडथळ्यातून येणारे संदेश यांमुळे बिनतारी कळफलकाचा एखादा ठोका संगणकापर्यंत पोहोचत नाही. इंग्रजीत गळलेले अक्षर शुद्धलेखन तपासणारी सोय लाल रेघेने लगेच दाखविते. मराठीसाठी अशी सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षर हलन्ताच्या एका ठोक्यावर उभे असते. तो गळला की ‘रस्ता’चा ‘रसता’ आणि ‘शक्ती’ची ‘शकती’ होते. वाचणाऱ्याला ही लिहिणाऱ्याची चूक वाटते. अर्ज, प्रतिज्ञापत्र किंवा परीक्षेतील उतारा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. म्हणून संच विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी जोडाक्षरांनी भरलेला एखादा मोठा उतारा त्यावर उतरवून पाहावा.

छापील अक्षरांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. देवनागरी अक्षरे छापलेले तारयुक्त कळफलक बाजारात मिळतात. बिनतारी संचांत ते सहसा आढळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून देवनागरी अक्षरांचे पारदर्शक चिकटकागद मिळतात. ते नवशिक्याला उपयोगी असले तरी वर्षभरात कडांनी सुटू लागतात व कळांच्या फटींत चिकटा साठतो. एक छापील तक्ता पडद्याशेजारी भिंतीवर लावणे हा उपाय स्वस्त आहे आणि नजर कळांवरून उठविण्याची सवयही त्याने लागते. इंग्रजी ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बोटांना लागणारे उंचवटे असतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ यांच्या कळा आहेत. हे उंचवटे स्पष्ट जाणवतात का हे दुकानात डोळे मिटून पाहता येते.

विंडोजमध्ये इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी विंडोज कळ व स्पेस ही जोडी वापरतात, तेव्हा विंडोज कळ जागेवर असावी. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि अनेक संचांवर ते चारच्या कळेवर छापलेले असते. मात्र ते उमटण्यासाठी ‘इंग्रजी (भारत)’ मांडणी निवडून उजव्या ऑल्टसह ती कळ दाबावी लागते. उजवी ऑल्ट कळच नसलेले लहान कळफलकही विकले जातात.

टंकलेखन परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी हा या उपकरणांचा एक मोठा ग्राहकवर्ग आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० व ४० शब्द असे टप्पे आहेत. परीक्षाकेंद्रातील कळफलक उमेदवाराचा स्वतःचा नसतो. त्यामुळे घरचा सराव पूर्ण आकाराच्या, नेहमीच्या मांडणीच्या कळफलकावर केलेला बरा. लहान, चपट्या कळफलकावर साधलेला वेग केंद्रातील उंच कळांवर टिकेलच असे नाही. खरे तर केवळ याच हेतूने खरेदी करावयाची असेल तर साधा तारयुक्त कळफलक अधिक योग्य आणि स्वस्तही ठरतो.

माऊस

संचातील माऊस हा बहुधा दुय्यम भाग मानला जातो आणि उत्पादकही तिथेच काटकसर करतात. आजचे माऊस प्रकाशीय असतात. तळाशी असलेला दिवा पृष्ठभाग उजळतो आणि एक छोटा कॅमेरा त्याची क्षणोक्षणी चित्रे टिपून हालचाल ठरवितो. त्यामुळे ज्या पृष्ठभागावर टिपण्याजोगे काही नाही, उदाहरणार्थ काच, तेथे साधा माऊस अडखळतो. मेजावर काच आणि तिच्याखाली बसचे वेळापत्रक व दूरध्वनीची यादी अशी रचना अनेक घरांत असते. तेथे माऊसखाली पुठ्ठा किंवा कापडी पॅड ठेवावे.

लहान माऊस प्रवासाला सोयीचा असला तरी रोज दोन-तीन तास काम करणाऱ्याच्या तळहाताला आधार देणारा मोठा माऊस हवा. ज्येष्ठ नागरिकांच्या बोटांना हलक्या दाबाने चालणारे बटण आणि खडबडीत कडेचे चाक सोयीचे पडते. डाव्या हाताने काम करणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला आकार पाहावा.

सेल आणि रिसीव्हरची जागा

बहुतेक संचांत कळफलक व माऊस यांना प्रत्येकी एक किंवा दोन, डबल-ए अथवा ट्रिपल-ए आकाराचे सेल लागतात. कळफलक मुख्यतः कळ दाबल्यावरच वीज घेतो, म्हणून त्याचे सेल बरेच महिने टिकतात. माऊसचा दिवा व कॅमेरा सतत जागे असल्याने त्याचे सेल आधी संपतात. दोन्हींना एकाच आकाराचे सेल लागणारा संच घेतला तर घरात एकाच प्रकारचा साठा पुरतो. पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. बहुतेक संच त्यावर व्यवस्थित चालतात, पण सेल संपत आल्याची सूचना लवकर दिसू लागते. अंगभूत बॅटरीच्या संचात सेल बदलण्याची कटकट नसली तरी बॅटरी थकली की ती बदलणे अवघड असते.

संच ‘अडकत’ असल्याची तक्रार पुष्कळदा सेलांची नसून जागेची असते. संगणकाची लोखंडी पेटी मेजाखाली आणि रिसीव्हर तिच्या पाठीमागे अशी रचना असेल तर लहरींच्या वाटेत आख्खी पेटी येते. दुसरे कारण अधिक अनपेक्षित आहे. यूएसबी ३.० प्रकारची जोडणी व तिला लावलेली बाह्य डिस्क यांतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवून दिले. घरातील वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात असतात. रिसीव्हर समोरच्या यूएसबी २.० खाचेत लावणे, किंवा हातभर लांबीची यूएसबी वायर लावून तो मेजावर आणणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

सुरक्षितता

तारेतून जाणारा संदेश घरातच राहतो; हवेतून जाणारा भिंतीपलीकडेही ऐकू येतो. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या काही कळफलकांचे संरक्षण अगदी तकलादू असल्याचे संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले होते. २०१६ मध्ये अमेरिकेतील बॅस्टिल या संस्थेने दोन दोष जाहीर केले. ‘माऊसजॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या दोषात अनेक उत्पादकांच्या ब्लूटूथेतर रिसीव्हरना दुरून खोटे ठोके पाठविता येत होते. ‘कीस्निफर’ या दुसऱ्या दोषात आठ उत्पादकांचे काही स्वस्त कळफलक ठोके कूटबद्ध न करता उघडे पाठवीत असल्याचे आढळले, म्हणजे टंकलेला शब्द आणि पासवर्ड सुमारे ७५ मीटरवरून वाचता येत होता. काही रिसीव्हरांचे सॉफ्टवेअर नंतर सुधारता आले, पण ज्या स्वस्त कळफलकांत अशी सुधारणा करण्याची सोयच नव्हती ते बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाड्यातील बिऱ्हाडे किंवा एकमेकांस लागून असलेल्या सदनिका यांच्या दृष्टीने ७५ मीटर हे अंतर फार मोठे आहे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यासाठी खोक्यावर किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रकात १२८ बिटांच्या एईएस कूटलेखनाचा स्पष्ट उल्लेख असलेला संच घ्यावा. उल्लेख नसेल तर कूटलेखन नाही असेच धरून चालावे. ब्लूटूथ कळफलकाचे संदेश जोडणीनंतर कूटबद्ध होतात. जोडणी करताना पडद्यावर दिसणारे अंक कळफलकावर टंकण्यास सांगितले जाते ते याच कारणासाठी.

हवामान आणि निगा

सातारा व सांगली हे शेजारी जिल्हे हवामानाच्या दृष्टीने एकसारखे नाहीत, आणि प्रत्येक जिल्ह्याचे पश्चिम व पूर्व भागही परस्परांपासून भिन्न आहेत. महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते. येथे कळफलक बिघडण्याचे पहिले ठिकाण म्हणजे सेलांची खोबणी. ओलसर हवेत स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि गळलेला सेल तो वाढवितो. सुटीत गावी जाताना सेल काढून ठेवणे, आणि थर चढलाच तर व्हिनेगरचा थेंब लावलेल्या कापसाने पुसून खोबणी कोरडी करणे हा साधा उपाय आहे. अल्कलाइन सेलातून गळणारा द्राव दाहक असतो, त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडील कमी पावसाच्या तालुक्यांत शत्रू धूळ आहे. उन्हाळ्यात ती माऊसच्या भिंगाच्या खाचेत आणि कळांखाली साचते. कळफलक वापरात नसताना त्यावर सुती पंचा टाकावा; प्लॅस्टिकचे आवरण पूर्वेकडे चालते, पण पश्चिमेकडे ते ओल कोंडून ठेवते. चिवडा खात काम करणाऱ्या घरांत मुंग्यांचाही विचार करावा लागतो.

सांगली शहराने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पूर अनुभवले. पाणी चढू लागल्यावर लोक संगणक वर हलवितात, पण कळफलक व माऊस मेजावरच राहतात असा अनुभव आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या उपकरणातून प्रथम सेल काढावेत. गाळ आत गेलेला कळफलक वाळवून पुन्हा चालविण्यापेक्षा टाकून देणे सुरक्षित. त्या पाण्यात केवळ माती नसते.

नियम आणि ग्राहकाचे हक्क

२.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे भारतात परवान्याविना वापरता येतात. यासंबंधीचे नियम केंद्र सरकारने २८ जानेवारी २००५ रोजी अधिसूचित केले. इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीसाठी २०१२ मध्ये निघालेल्या आदेशात बिनतारी कळफलकांचा समावेश करण्यात आला. त्यानुसार कळफलकावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ या ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक घालून उत्पादकाचे नाव ताडून पाहता येते. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा देश, आयातदाराचे नाव व तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे.

तालुक्याच्या गावी उत्पादकाचे सेवाकेंद्र असण्याची शक्यता कमी असते. ‘तीन वर्षांची हमी’ या शब्दांचा अर्थ संच स्वखर्चाने दूरच्या शहरी पाठविणे असा तर नाही ना, हे खरेदीपूर्वी विचारावे. दुकानातून घेतलेल्या संचाचे शिक्का मारलेले बिल आणि ऑनलाइन घेतलेल्या संचाच्या बिलाची छापील प्रत जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विक्रेता कोठेही असला तरी ग्राहकाला आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे जतच्या ग्राहकाला सांगलीला आणि फलटणच्या ग्राहकाला साताऱ्याला. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

बंद पडलेला संच ई-कचऱ्यात मोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याकडे किंवा संकलन केंद्रावर देण्यापूर्वी सेल वेगळे काढावेत. रिसीव्हर संगणकालाच लावलेला राहिला असेल तर तो काढून त्याच संचासोबत द्यावा. दुसऱ्या उत्पादकाच्या संचाला तो चालत नाही.